केडगावचा कोपरा

आमच्या घरातली पुढची खोली माझी नाही. कागदोपत्री घर दोघांच्या नावावर आहे, पण त्या खोलीत केडगावच्या कबड्डी संघाचं बिऱ्हाड आहे. सोफ्याखाली गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या, शोकेसमध्ये माझ्या काचेच्या भांड्यांच्या जागी ढाली, आणि खिडकीत वाळत घातलेले निळे बनियन. पाहुणे आले की मी त्यांना स्वयंपाकघरात बसवते. या सगळ्याचा धनी म्हणजे माझा नवरा, शामकांत. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते. कागदावर तरी एकेरीत लिहून घेते. इतकी वर्षं त्याचे डबे भरून तेवढा हक्क मी कमावला आहे.

शामकांत स्वतः एकदाही कबड्डी खेळलेला नाही, हे सांगितलं की लोकांना पटत नाही. वडील नगरात भिक्षुकी करायचे. मुलाला लहानपणापासून दमा, त्यामुळे मातीत उतरायची बंदी. मग हा मैदानाच्या कडेला उभा राहून बघायचा. बघता बघता गुण लिहायला बसला. पुढे कॉलेजात कारकून म्हणून लागला, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला, पण खरी नोकरी त्याने मैदानाच्या कडेच्या त्या टेबलावरच केली. आधी गुणलेखक, मग मंडळाचा चिटणीस, आणि आता संघाचा व्यवस्थापक. कोणता खेळाडू कुठल्या पायावर भार टाकतो, कोणाचा दम कुठल्या चढाईनंतर तुटतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. माझा कुठला गुडघा दुखतो हे मात्र विचारू नका. डॉक्टरांना त्याने डावा सांगितला होता आणि मला समोरच बसून उजवा पुढे करावा लागला.

त्याची आणखी एक सवय आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. हा माणूस न ऐकता ‘हो’ म्हणतो. समोरचा बोलायला लागला की मान हलते, तोंडातून ‘हो, हो’ निघतं, आणि आत काहीही पोचलेलं नसतं. गॅस संपलाय म्हटलं तरी हो. मनवाला, म्हणजे आमच्या मुलीला, बघायला पाहुणे येणार आहेत म्हटलं तेव्हाही हो म्हणाला, आणि त्या दिवशी संघ घेऊन श्रीगोंद्याला गेला. मुलीचा बाप कुठे आहे असं पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी काय सांगितलं असेल, ते माझं मला माहीत.

तर आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात कबड्डीची लीग असते. उन्हाळ्यातच, कारण पाथर्डीकडची निम्मी मुलं ऊसतोडीला जातात आणि कारखाने बंद झाल्यावर घरी येतात. लीग अर्धी झाली की संघांना आपसात खेळाडू बदलायची मुभा असते, पण मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी बारापर्यंतच. त्यानंतर जो जिथे असेल तिथेच खेळणार. पैशांचा संबंध नाही, माणसाला माणूस द्यायचा. आणि हे सगळं आमच्याकडे लग्न जमवल्यासारखं चालतं. दोन्हीकडची माणसं बसतात, चहा होतो, बोलणी होतात, मग सुपारी फोडतात. सुपारी फुटली की मागे फिरायचं नाही. ज्याची अदलाबदल होते त्याला मात्र बैठकीला बोलवत नाहीत. पूर्वी नवऱ्या मुलीला बोलवायचे नाहीत, तसंच.

यंदा अर्धी लीग झाली तेव्हा केडगाव आठात पाचवं होतं. पहिले चार पुढे जातात. आमच्याकडे पकड उत्तम, पण चढाई करून गुण आणणारा एकही धड नाही. तिकडे कर्जतकडे चढाई करणारे तिघे, पण त्यांच्या कोपऱ्यातल्या खेळाडूचा गुडघा गेलेला. म्हणजे त्यांना कोपरा हवा होता आणि आम्हाला चढाईवाला. त्यांचा कल्याण नावाचा मुलगा शामकांतच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. वाऱ्यासारखा जातो आणि येतो, म्हणायचा.

वैजनाथ हा आमचा प्रशिक्षक. मूळचा पाथर्डीचा, जीप चालवतो, एके काळी स्वतः नावाजलेला खेळाडू होता. तो आणि शामकांत आठवडाभर पुढच्या खोलीत बसून डोकं लढवत होते. मी चहा नेऊन देत होते, त्यामुळे मलाही सगळं पाठ झालं. शामकांतचा डाव सरळ होता. घाई करायची नाही. कर्जतला कोपऱ्याची गरज जास्त, तेव्हा रविवारी सकाळपर्यंत गप्प बसायचं. शेवटच्या तासाला ज्याला जास्त घाई असते तोच खाली उतरतो. मग आपला राखीव कोपरा द्यायचा आणि कल्याण घ्यायचा. खरा कोपरा मागायला कर्जतवाले आधी येऊन गेले होते, पण शामकांतने त्यांना बसूही दिलं नव्हतं. केडगावचा कोपरा विकायचा नाही, एवढंच बोलला.

केडगावचा कोपरा म्हणजे गहिनीनाथ.

आता इथे मला जरा सांभाळून लिहायला हवं, कारण या माणसावर मी पुष्कळ जळले आहे. शामकांतला तो पाथर्डीकडच्या एका जत्रेच्या मैदानात सापडला. अंगठ्याचं नख उखडलेलं असताना त्याने चढाईवाल्याचा घोटा सोडला नाही, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ते नख मला स्वप्नात दिसतं. तेव्हापासून गहिनीनाथ केडगावसाठी खेळतो. त्याला डेंग्यू झाला तेव्हा तो मनवाच्या खोलीत राहिला आणि पेज मी केली. दर वर्षी ऊसतोडीची गाडी परत येते तेव्हा शामकांत थर्मासमध्ये चहा घेऊन भल्या पहाटे त्याला आणायला जातो. मी माहेरून येते तेव्हा स्टँडवरून रिक्षा करते. त्याच्या लग्नात शामकांतने नवा कोट शिवला. आमच्या लग्नात त्याने मावसभावाचा घातला होता.

बरं, गहिनीनाथ माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. तो आला की आधी स्वयंपाकघरात डोकावून ‘काकू, काय चाललंय’ विचारतो. गावाकडून येताना बाजरी आणतो. त्याची बायको आरती वर्षातून एकदा येऊन माझे डबे घासून ठेवते. अशा माणसाचा राग करायलाही धड जागा मिळत नाही, आणि म्हणूनच तो जास्त येतो.

शामकांतही कोणावर जळत नव्हता असं नाही. कर्जत संघाचे व्यवस्थापक भिमाजी हे त्याचं कायमचं दुखणं. भिमाजी बागायतदार, दणकट, मिशा पांढऱ्या झाल्या तरी आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. जुने खेळाडू. त्यांच्यासमोर मुलं आपोआप वाकतात, आणि ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला नेतात, काहीतरी बोलतात, आणि मुलगा हसत परत येतो. शामकांतला हे जमत नाही. तो मुलांना बिस्किटं देतो, डॉक्टरकडे नेतो, पण खांद्यावर हात टाकायची वेळ आली की चष्मा पुसायला लागतो. भिमाजींनी तीनदा लीग जिंकली याचं त्याला एवढं वाटत नसे. तो हात त्याला सलायचा. एकदा जेवताना स्वतःच म्हणाला, मातीत खेळलेल्या माणसाचा हात वेगळाच असतो. मी म्हटलं, आमटी वाढू का? तो म्हणाला, हो. वाढली तर नको होती.

यंदा अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणारा धोंड्याचा महिना, जावयाला घरी बोलावून जेवू घालायचा, कपडे करायचे, दिवा आणि अनारसे द्यायचे. मनवाचं लग्न झाल्यावरचा पहिलाच अधिक. मी जावयाला, धवलला, पुण्याहून रविवारी बोलावलं होतं आणि तारीख शामकांतला महिनाभर आधी सांगितली होती. तो काय म्हणाला असेल ते सांगत बसत नाही. तोच अदलाबदलीचा शेवटचा रविवार होता.

शनिवारी संध्याकाळी मी अनारशांचं पीठ मळत होते. शामकांत दाराबाहेरच्या ओट्यावर बसून मोबाईल बघत होता. कर्जतच्या कोणीतरी स्टेटसला फोटो टाकला होता. तो पाहून शामकांत एकदम उठून उभा राहिला. मला वाटलं कोणी गेलं की काय. विचारलं तर काही नाही म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकला. थोड्या वेळाने वैजनाथ आला तेव्हा मला आतून ऐकू आलं. गहिनीनाथ भिमाजींच्या घरी जेवायला गेला होता. डोक्याला फेटा बांधलेला, अंगात नवे कपडे, आणि भिमाजींचा हात त्याच्या खांद्यावर. खाली लिहिलं होतं, आपला माणूस.

वैजनाथने फोटो मागितला, पण शामकांतने दाखवला नाही. जणू काही लाज वाटावी असं त्यात होतं. नुसतं म्हणत राहिला की पोरगा फुटला, भिमाजीने फोडला, शेवटच्या दिवसाच्या तोंडावर फेटा बांधून घेतला म्हणजे आणखी काय राहिलं.

“सर, येकदा त्याला इचारा की,” वैजनाथ म्हणाला. “फोन करा, न्हायतर मी करतो.”

“मी का विचारू?” शामकांत म्हणाला. “त्याने सांगायला नको?”

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. राग नव्हे, रागाचा आवाज मला माहीत आहे. हा आत कुठेतरी चिमटा बसल्यावर निघतो तसा होता. पिठात हात तसाच ठेवून मी दाराआडून बघितलं. शामकांतचा चेहरा उतरला होता आणि ओठ थरथरत होते. साठी उलटलेला माणूस, आणि सोळा वर्षांच्या पोरासारखा जळत होता. आणि मला काय वाटलं ते स्पष्टच लिहिते. मला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी असा कधी जळला नाही. लग्नानंतर मी नोकरी करायचे त्या शाळेतल्या देशपांडे सरांनी मला रोज स्कूटरवरून घरी सोडलं, पूर्ण एक वर्ष. याने त्यांना चहा पाजला आणि आभार मानले.

त्याने जेवण टाकलं. भिमाजींना फोन करणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून कर्जतचे प्रशिक्षक हनुमंत यांना केला आणि सकाळी दहाला या म्हणाला.

रविवारी दहाला माझ्या कढईत अनारसे आणि पुढच्या खोलीत बैठक. हनुमंत बिचारे राखीव कोपरा घ्यायच्या तयारीने आले होते, तसं त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. अजून दोन तास होते. नुसतं गप्प बसलं असतं तरी कल्याण आमच्याकडे येत होता आणि गहिनीनाथही राहत होता. आठवडाभर घोकलेला डाव तोच होता. पण चहाचे कप मी खाली ठेवते न ठेवते तोच शामकांत म्हणाला, राखीव नको, गहिनीनाथच न्या.

वैजनाथने कप तसाच ट्रेमध्ये ठेवला. हनुमंतांना खरं वाटेना. दोनदा विचारलं. मग ओट्यावर जाऊन त्यांनी भिमाजींना फोन लावला आणि हसतच आत आले.

“मालक म्हनत्यात, घरचा मानूस घरी येतोय, मंग नगं कशाला म्हनायचं?”

शामकांतने वैजनाथकडे पाहिलं. बघ, मी सांगत नव्हतो का, असं ते बघणं होतं. मग त्यानेच माझ्याकडे अडकित्ता मागितला. मी दिला. सुपारी हनुमंतांनी खिशातून आणलेली होती. ती फुटली तेव्हा तिचा एक तुकडा सोफ्याखाली त्या पट्ट्यांमध्ये गेला, आणि तो शोधायला कोणी वाकलं नाही. हनुमंत गेले. वैजनाथ उठला आणि जाताना मला म्हणाला की गहिनीनाथला कोणीतरी कळवायला पाहिजे, ते तो करतो.

मला आनंद झाला का? थोडा झाला. पेज आठवली, थर्मास आठवला, आणि वाटलं, आता पुढच्या एप्रिलमध्ये पहाटे उठून कुठे जाशील. पण अनारसे तळताना तिसरा घाणा करपला.

मनवा आणि धवल एकच्या सुमारास आले. मी पुढची खोली झाडून घेतली, सोफा भिंतीला सरकवला, पाट मांडला, रांगोळी काढली. धवलला नवा झब्बा घातला. हल्लीच्या मुलांना टोपी नको असते, म्हणून मनवाने हौसेने तयार फेटा आणला होता, तो त्याच्या डोक्यावर ठेवला. समोर ताट, ताटाशेजारी चांदीचा दिवा आणि अनारशांची परात. मनवा म्हणाली, बाबा, जवळ उभे राहा, धवलच्या खांद्यावर हात ठेवा. शामकांतने चष्मा पुसला आणि म्हणाला, मी फोटो काढतो, तुम्ही बसा.

त्याने मोबाईल धरला. धरूनच राहिला. मनवा म्हणाली, काढा ना. त्याने काढला, मग मोबाईल खाली घेतला, बोटाने काहीतरी मागे सरकवलं, पुन्हा पुढे आणलं, पुन्हा मागे. कर्जतचा तो कालचा फोटो त्याने जपून ठेवला होता. माणूस ज्याच्यावर जळतो ते जपून ठेवतो, हे मला नवीन नाही. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. गहिनीनाथचा फेटा, भिमाजींचा हात. आणि त्याच्या खाली, फोटोच्या कडेला, जिथे शामकांतची नजर एकदाही गेली नव्हती तिथे, चांदीचा दिवा आणि अनारशांची परात.

मी म्हटलं, “अहो, हे तर धोंड्याचं जेवण आहे. आरतीचं माहेर कर्जतकडचंच ना?”

आरतीला वडील नाहीत हे मला ठाऊक होतं. भिमाजी तिच्या आईचे चुलतभाऊ लागतात हे मात्र, लग्नाला ते आले नसल्यामुळे, आम्हाला दोघांनाही त्या संध्याकाळी कळलं. बापाच्या जागी मामाने जावयाला जेवू घातलं होतं, एवढीच ती गोष्ट. घरचा माणूस, आपला माणूस, सगळं अगदी खरं होतं.

शामकांत पाटासमोर खाली बसला. धवलला वाटलं सासरे मान देताहेत. तो संकोचून उठायला लागला.

मनवा-धवल निघून गेल्यावर, ऊन उतरता उतरता गहिनीनाथ आला. फेटा नव्हता, अंगात मात्र नवा सदरा होता. वैजनाथने त्याला एसटीतच फोन करून सांगितलं होतं. तो नेहमीसारखा स्वयंपाकघरात डोकावला नाही. पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि स्टीलचा डबा पुढे केला. आरतीने पुरणाचे धोंडे दिले होते, सरांसाठी. शामकांतने डबा घेतला आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. मग म्हणाला की तू कर्जतला जातोयस हे आधी सांगायला हवं होतंस.

“सर, तुमाला सांगूनच गेल्तो,” गहिनीनाथ म्हणाला. “गुरवारी सरावानंतर. हितंच, वट्यावर. म्हनलं, धोंड्याला सासरवाडीला चाललोय, आरतीच्या मामाकडं, भिमाजी म्हनून हायेत, ते आपले कर्जतवालेच. तुमी फोनवर हुतात. व्हय म्हनलात.”

शामकांत ओट्याकडे बघायला लागला.

“मामांनी जेवताना इचारलं, आमच्याकडं खेळतो का,” गहिनीनाथ पुढे म्हणाला. “म्या सांगितलं, सर हायेत तवर केडगाव सोडनार न्हाई. आता मामा हसत असत्याल.”

शामकांत म्हणाला, मी भिमाजींना फोन करतो, काहीतरी मार्ग काढू. गहिनीनाथने मान हलवली. सुपारी फुटली ती फुटली, आणि आपल्यामुळे सरांचा शब्द खाली पडायला नको, असं तो म्हणाला. मग खिडकीत वाळत असलेल्या बनियनांपैकी स्वतःचा काढला, घडी घातली आणि सोफ्यावर ठेवला. वाकून शामकांतच्या पायांना हात लावला. शामकांतचा हात वर आला, त्याच्या खांद्यापर्यंत गेला, आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की दोन्ही हातांत धरलेला डबा आता एकाच हातात राहिलाय आणि कलंडतोय. त्याने डबा सावरला. गहिनीनाथ उठून उभा राहिला होता.

मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. इतकी वर्षं मला वाटत होतं की या पोराला माझ्या वाटचं सगळं मिळतंय. त्यालाही तेच मिळत होतं, जे मला मिळतं. न ऐकता म्हटलेला एक हो. मी त्याला म्हटलं, पाणी तरी पी. त्याने प्यायलं आणि विचारलं की काकू, गुरुवारी केडगाव-कर्जत सामना आहे, नगरला मैदानावर. आरती येणार आहे, तुम्ही याल का? संघ शामकांतच्या ताब्यात आल्यापासून मी एकदाही सामना बघायला गेले नव्हते. कोण जाईल आपल्या सवतीचं कौतुक बघायला. पण मी येते म्हटलं.

गुरुवारी सकाळी शामकांत फोनवर वैजनाथशी बोलत होता, कल्याणला कितव्या चढाईला पाठवायचं यावर. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की मी आज सामन्याला येणार आहे, आरतीबरोबर बसणार आहे, कर्जतच्या बाजूला. त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि हो म्हणाला.

मैदानावर दिवे लागले होते आणि धूळ उडत होती. मी आरतीच्या शेजारी कर्जतच्या खुर्च्यांवर बसले. समोर, मैदानाच्या पलीकडे, शामकांत आपल्या टेबलाशी. कल्याण खरंच वाऱ्यासारखा होता. एकामागून एक गुण नेत होता, आणि केडगावची माणसं शामकांतच्या पाठीवर थापा मारत होती. काय डाव टाकला, कोपरा दिला आणि सोनं आणलं, असं आजही लोक म्हणतात. सामना केडगावनेच जिंकला, आणि केडगाव पुढे पहिल्या चारांतही गेलं. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर शामकांतचं काहीच चुकलं नाही.

पण उत्तरार्धात एकदा कल्याण मध्यरेषेकडे परत फिरला आणि कोपऱ्यातून गहिनीनाथ खाली झेपावला. त्याने घोटा धरला आणि सोडला नाही. नख उखडलं असतं तरी सोडला नसता, ते आता मला दिसलं. मी उठून उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. आरती रडत होती आणि हसत होती. तेवढ्यात भिमाजी आमच्यापाशी आले. आरतीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले की ताई, तुम्ही आमच्या जावयाला आजारपणात पेज करून घातलीत, तो घरी सारखं सांगत असतो. तुम्ही सामन्याला येता हे माहीत असतं तर तुम्हाला आधीच बोलावलं असतं. असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे सरकवली, थंड पाण्याची बाटली दिली आणि जवळच बसले. मीही बसले. मला इतकं कोणी विचारलं नव्हतं, आणि मला ते आवडलं. उगाच कशाला नाकारू.

मैदानाच्या पलीकडे शामकांत गुणफलकाकडे बघत नव्हता. तो आमच्याकडे बघत होता. चेहरा उतरलेला, ओठ थरथरताहेत, हातात पेन तसंच धरलेलं. तो चेहरा मी शनिवारी संध्याकाळी दाराआडून पाहिला होता. फक्त या वेळी तो माझ्याकडे वळलेला होता, आणि त्यासाठी मला इतकी वर्षं थांबावं लागलं.

घरी येताना मी स्कूटरवर त्याच्यामागे बसले होते. सक्कर चौक गेला, मग उड्डाणपूल गेला. केडगावच्या कमानीपाशी त्याने वेग कमी केला आणि मान न वळवता विचारलं, “तू तिकडे का बसलीस?”

“सांगून गेले होते,” मी म्हटलं. “तुम्ही हो म्हणालात.”